आठवा व्हॉल्व्ह

मिस्त्रींनी काठीच्या टोकाची रबरी वाटी जिभेला लावून ओली केली, व्हॉल्व्हच्या चकतीवर दाबून चिकटवली आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. खाली इंजिनाच्या सिलिंडर हेडमधल्या सीटवर, व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, करड्या पेस्टचा पातळ थर खरखरू लागला. थोड्या फेऱ्या झाल्या की व्हॉल्व्ह उचलायचा, जरा वळवायचा आणि पुन्हा टेकवायचा. काम सोपे दिसते आणि दिसते तेवढेच सोपे नसते. त्यातून काठी प्लास्टिकची होती, हवी त्यापेक्षा जाड, आणि घामेजल्या तळव्यांतून सारखी सटकत होती. लाकडी काठीसाठी त्यांनी सकाळी पुन्हा एकदा कारखान्यातले सगळे खण उपसले होते. लेथच्या मागे, कपाटाच्या वर, गॅस्केटच्या गठ्ठ्याखाली, कुठेच ती नव्हती.

फोन वाजला. दुपारी नात झोपली की वहिनींचा फोन येत असे. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. गल्लीतले लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणत, इतके की कधीकधी मिस्त्रींच्याही तोंडून तेच निघून जाई. गेली दोन वर्षे त्या मुलाकडे होत्या, दुसऱ्या शहरात.

मिस्त्रींच्या बोटांना पेस्ट लागलेली होती. त्यांनी करंगळीने फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि बाकावर हेडशेजारी ठेवून दिला.

मग रोजचे सुरू झाले. जेवलात का, हो. गोळी घेतलीत का, घेतली. बाकी काय, बाकी सगळे ठीक, माझे काही अडत नाही. एवढे झाले की दोघांचेही बोलणे संपे आणि मग दोन शहरांतले दोन पंखे तेवढे एकमेकांना ऐकू येत. त्या दिवशी त्या शांततेत मिस्त्रींचे हात आपोआप कामाला लागले.

"थांबा," वहिनी एकदम म्हणाल्या.

"काय झालं?"

"पेस्ट सुकलीय. इथवर ऐकू येतंय मला. तेलाचा थेंब टाका एक."

मिस्त्रींनी बघितले. पेस्ट खरेच सुकली होती. त्यांनी तेल टाकले.

"हं, आता फिरवा. फार दाबू नका. उचला. वळवा. कितवा हा?"

"पहिला. एक्झॉस्टचा."

"कुणाचं हेड?"

दोन वर्षांत वहिनींनी फोनवर जेवण, गोळी आणि बाकी काय सोडून चौथा प्रश्न विचारला नव्हता. आज नात उठेपर्यंत त्या विचारत राहिल्या. फोन बंद झाल्यावर मिस्त्री बराच वेळ काठी हातात धरून उभे होते. व्हॉल्व्ह केव्हाच बसला होता.

*

वहिनी पहिल्यांदा हे काम करायला बसल्या तेव्हा कारखान्यातला कारागीर न सांगता निघून गेला होता आणि दारात हेडांची रास लागली होती. त्या डबा घेऊन आल्या होत्या. मिस्त्रींची तारांबळ बघून त्यांनी बुटके स्टूल ओढले, काठी उचलली आणि म्हणाल्या, दाखवा एकदा. त्यांचे तळवे कोरडे होते आणि कान तिखट होते. सीट बसली की नाही हे मिस्त्री डोळ्यांनी बघत. वहिनी न बघताच सांगत. आधी खर्र, मग सर्र, मग नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज. तो आला की काम झाले. दर फेरीला काठी त्यांच्या अंगठीला लागून बारीक टक् व्हायचे. वर्षानुवर्षे मिस्त्रींनी लेथच्या घरघरीतही ते टक् ऐकले होते आणि त्याची कधी दखल घेतली नव्हती. घड्याळाची कोण घेतो.

गल्लीत म्हणत, हेड मिस्त्रींचे, पण सीट वहिनींची. मिस्त्रींना याचा राग येत नसे. खरे तर त्यांना ते आवडे, पण तसे त्यांनी कुणाला सांगितले नाही. वहिनींना तर नाहीच नाही.

मग मुलगा नोकरीसाठी दूर गेला, त्याचे लग्न झाले, नात झाली. सून एकटी पडली. तीन महिन्यांसाठी वहिनींनी जायचे ठरले. निघायच्या दिवशी त्या गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "तुमचं कसं होईल हो?" आजूबाजूला चार माणसे होती. बायकोने हलक्या मनाने जावे म्हणून मिस्त्री हसून म्हणाले, "माझं काय अडतंय?" शब्द चांगल्या मनाने गेला होता, पण गेला तो गेला. तीन महिन्यांचे सहा झाले. सुनेची नोकरी पुन्हा सुरू झाली, नातीला आजीची सवय झाली, आणि वर्ष उलटले, मग दुसरे. कुणी भांडले नाही, कुणी कुणाला अडवले नाही. ज्याच्यावर रागवावे असे एकही माणूस या गोष्टीत नव्हते, हीच तिची अडचण होती.

घर खायला उठते म्हणतात. मिस्त्रींनी त्याला खायला एकच खोली ठेवली होती. खाट त्यांनी स्वयंपाकघरात ओढून आणली होती आणि बाकीच्या खोल्यांना कडी घातली होती. सकाळी उठून हात लांब केला की शेगडी लागे. दिवस कारखान्यात बरा जाई, कारण यंत्रे बोलत नसली तरी आवाज करतात. संध्याकाळ मात्र फार मोठी असे.

तिने परत यावे, एवढेच त्यांना हवे होते. पण 'ये' हा एका अक्षराचा शब्द त्यांच्या घशातून खाली-वर करत राही आणि बाहेर येई ते 'सगळं ठीक'. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. शिवाय वहिनीही कधी 'येऊ का' म्हणाल्या नव्हत्या. तिकडे त्या सुखात आहेत, नातीत रमल्या आहेत, असे मिस्त्रींनी धरून चालले होते, आणि रमलेल्या माणसाला उठवायचे कसे?

*

हेड आणले होते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. मोठ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. आठवडाभर त्या लोकांचे दात बघत आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या जुन्या छोट्या गाडीतून डोंगरचढाच्या शर्यतीत उतरत. आता त्या गाडीच्या इंजिनाला त्या टर्बो बसवत होत्या. हेड त्यांनी अंघोळीच्या पंच्यात गुंडाळून, पुढच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा लावून आणले.

"पेशंट आणलाय," त्या म्हणाल्या. "जपून हात लावा, घाबरट आहे."

बाईंना काय हवे ते नेमके माहीत होते आणि ते त्यांनी नीट सांगितले. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबणे. तेव्हा हेड जास्त घासून आतली जागा कमी करायची नाही, पृष्ठभागावर नुसता स्वच्छ करण्यापुरता हात फिरवायचा. आणि सगळी काळजी घ्यायची ती एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. चढावर पाय दाबलेला असताना ते व्हॉल्व्ह लाल होतात. त्यांच्यातली उष्णता बाहेर जायला मुख्य वाट म्हणजे सीट. सीटला टेकलेल्या त्या क्षणभरात व्हॉल्व्हने निवून घ्यायचे. सीट सगळीकडून नीट टेकली नाही, किंवा एखादा व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा खोल बसला, की तो आधी जळतो आणि मग इंजिनालाही घेऊन जातो.

"एकेका व्हॉल्व्हला टेकायला नीट जागा हवी, एवढंच," बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी मान डोलावली.

त्यांनी हेड धुतले, गरम पाण्यात दाबाची हवा सोडून कुठे तडा आहे का ते पाहिले, व्हॉल्व्हच्या दांड्यांसाठी नवे गाइड बसवले, हवा आत-बाहेर जायच्या वाटा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ केल्या आणि सीट कापल्या. आता राहिले होते व्हॉल्व्ह घासून सीटशी जमवणे. हे एकदा जमले की त्या व्हॉल्व्हने त्याच सीटवर राहायचे. शेजारच्या सीटवर नेऊन ठेवला तर तोच व्हॉल्व्ह गळतो. म्हणून वहिनींनी आठ भोकांची एक फळी करून घेतली होती. घासलेले व्हॉल्व्ह तिच्यात ओळीने उभे राहत.

आठ व्हॉल्व्ह. वहिनी असत्या तर एका दुपारचे काम. मिस्त्रींनी मात्र एका दुपारी एकच घ्यायचा असा नियम केला, आणि बाकीच्या वेळी दुसऱ्या कामांची सबब स्वतःलाच सांगितली. फोन वाजायच्या आधी ते हात धुऊन तयार राहू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीही केली. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यांना अर्ध्या गालावर आल्यावर सुचले, पण मग अर्धी कशी सोडायची.

काठी फिरत राही आणि वहिनी बोलत राहत. आधी नुसत्या व्हॉल्व्हबद्दल, उचला, वळवा, आता बारीक पेस्ट घ्या. "सातव्या मजल्यावरून शेळ्या हाकतेय मी," त्या म्हणाल्या. "उंटाचं तरी बरं, खाली उतरता येतं." मग हळूहळू बाकीचे येऊ लागले. तिकडे गॅलरीत बसले की खालची माणसे मुंग्यांएवढी दिसतात. शेजारीण लिफ्टमध्ये रोज हसते, पण नाव अजून माहीत नाही. सून स्वभावाने चांगली आहे, फार चांगली, इतकी की काही काम करू देत नाही.

"माझ्या कानांना इथे कामच नाही," एकदा त्या म्हणाल्या. "मिक्सरचं बेअरिंग गेलंय, आवाजावरून कळत होतं. सांगितलं, तर तुमचा मुलगा म्हणाला, आई, नवाच घेऊ की."

"घेतला?"

"घेतला. त्याचा आवाजच येत नाही."

मिस्त्री हसले. आपण हसलो याचे त्यांनाच नवल वाटले. चौथ्या की पाचव्या व्हॉल्व्हला प्लास्टिकची काठी पुन्हा सटकली तेव्हा ते सहज म्हणाले, "तुझी लाकडी काठी काही सापडत नाही गं. सगळं बघितलं."



"आज आठवण झाली काठीची?"

"ही सटकते ना."

"दोन वर्षं चाललीच की. सापडेल तिथेच कुठेतरी," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवशी नात जरा लवकरच उठली.

*

आठवा व्हॉल्व्ह बसला. मिस्त्रींनी तो पुसून उजेडात धरला. चकतीच्या कडेला करड्या रंगाचे कडे उमटले होते, सगळीकडून सारखे, कुठे तुटलेले नाही. हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्ह जागेवर घालून त्यांनी वरच्या खळग्यांत रॉकेल ओतले आणि रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी रॉकेल होते तेवढेच होते. खालच्या वाटा कोरड्या ठणठणीत होत्या. आता स्प्रिंगा चढवायच्या, बाईंना फोन करायचा आणि काम संपवायचे.

स्प्रिंगा एकदा चढल्या की घासणे संपले. दुपारी पुन्हा जेवलात का, हो, गोळी घेतलीत का, घेतली.

मिस्त्रींनी पेस्टचा डबा हातात घेतला. त्याला दोन्हीकडून झाकणे होती, एका बाजूला बारीक पेस्ट आणि दुसऱ्या बाजूला जाड. बसलेल्या सीटवर जाड पेस्ट कुणी लावत नाही. कामाला नवा आलेला पोऱ्याही लावणार नाही. मिस्त्रींनी जाड बाजूचे झाकण उघडले, बोटभर पेस्ट घेतली आणि आठव्या व्हॉल्व्हच्या कडेला फासली. खोटे बोलायला तोंडच लागते असे नाही.

फोन आला. काठी फिरली. खर्र, खर्र, खर्र.

वहिनी पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "अजून नाही बसला वाटतं."

"नाही ना," मिस्त्री म्हणाले. "हट्टी आहे."

"असतात एकेक."

आणि मग त्या सुनेच्या भावाच्या लग्नाचे सांगू लागल्या. मिस्त्री काठी फिरवत होते, हूं हूं करत होते, आणि मनात म्हणत होते, आता हिचे हे सांगून झाले की आपण सांगू. पण तिचे सांगून झाले तेव्हा ते म्हणाले की समोरच्या टायरवाल्याने दुकानाला नवा रंग दिलाय.

दुसऱ्या दिवशीही जाड पेस्ट, तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी एकटे असताना ते व्हॉल्व्ह काढून बघत. कडे रुंद होत चालले होते. सीटमधले लोखंड रोज थोडे खरवडले जात होते आणि व्हॉल्व्ह रोज थोडा खाली उतरत होता. हे आपण काय करतोय ते त्यांना पक्के ठाऊक होते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचे हेड बिघडवले नव्हते. आजचा शेवटचा दिवस, उद्या बोलू, असे ते रोज ठरवत आणि दुपारी पुन्हा तेच झाकण उघडत. त्या अर्ध्या तासात कारखान्यात दोन माणसे असत.

*

डॉक्टरीणबाई न सांगताच आल्या. शर्यत जवळ आली होती आणि मिस्त्रींचा फोन काही येत नव्हता. हेड बाकावर होते, व्हॉल्व्ह आपापल्या जागी होते. बाईंनी पर्समधून आपला दात बघायचा चिमुकला आरसा काढला, छोटा दिवा काढला आणि एकेका खळग्यावर वाकून बघू लागल्या. मिस्त्री मागे उभे होते. पेशंटच्या नातेवाइकाने जसे उभे राहावे तसे.

शेवटच्या खळग्याशी आरसा थांबला. बाईंनी शेजारच्याशी ताडून बघितले, पुन्हा मागे आल्या.

"हा खाली बसलाय," त्या म्हणाल्या. "बाकीचे सातही एक नंबर आहेत. हाच एक का?"

मिस्त्रींना सांगण्यासारखे खूप होते. सीटचे लोखंड नरम लागले, पेस्ट भेसळीची आली, यातले काहीही बाईंनी मानले असते. त्यांनी टेबलावरचे फडके उचलले, घडी केली, पुन्हा उलगडले.

"माझा हात चुकला," ते म्हणाले.

बाईंनी आरसा पर्समध्ये ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मिस्त्रींना बरे वाटले असते. "मिस्त्री, तुमचा हात चुकत नाही," त्या एवढेच म्हणाल्या. "बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे."

"पेशंटपण असंच म्हणतात. तोंड उघडल्यावर कळतं." मग त्यांनीच विषय सोडला आणि आता काय करता येईल ते विचारले. जुनी सीट कापून काढायची, नवी कडी बसवायची, असे मिस्त्रींनी सांगितले. हेड तापवायचे, कडी बर्फात ठेवायची आणि आत सोडायची, ती निवून घट्ट धरते.

"म्हणजे कॅप बसवणार. बसवा," बाई म्हणाल्या. "ही शर्यत जाऊ दे. पुढच्या शर्यतीला उतरू."

त्या गेल्यावर मिस्त्री वहिनींच्या बुटक्या स्टुलावर बसले. दोन वर्षांत ते त्यावर बसले नव्हते. हात दाखवून अवलक्षण, ते स्वतःशीच म्हणाले, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. बायकोला एक शब्द बोलवत नाही म्हणून आपण दुसऱ्याच्या वस्तूचा घास घेतला, आणि एवढे करूनही तो शब्द बोललोच नाही. त्यांना आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, फार एकटे वाटले.

दुपारी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन्ही वेळा तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले होते.

*

नवी कडी सरळ आत गेली. मिस्त्रींनी हेड निवू दिले, सीट कापली, नवा व्हॉल्व्ह पुसून घेतला आणि डब्याची बारीक बाजू उघडली. काठी तळव्यांत धरली तेवढ्यात फोन वाजला. या वेळी त्यांनी तो करंगळीने उचलला आणि जागेवर ठेवला.

जेवलात का, असे वहिनींनी विचारले नाही. दोन दिवस फोन का घेतला नाही, असेही विचारले नाही.  मिस्त्री व्हॉल्व्ह घासू लागले. उचलला, वळवला, टेकवला. खर्रचे सर्र झाले. मग सर्रही विरत गेले आणि श्वास सोडल्यासारखा तो आवाज आला.

"बसला," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"आधीचाही बसला होता."

मिस्त्रींचे तळवे थांबले.

"बसलेल्या सीटवर जाड पेस्ट लावली की नुसतं वरवर खरखरतं, आत सगळं गप्प असतं. मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची सवय जुनीच आहे. तुम्ही लपवत राहिलात आणि मी बघत राहिले." मग त्यांनी विचारले, "सीट खराब झाली ना बाईंची?"

"झाली. नवी घातली."

"त्यातली अर्धी चूक माझ्यावर धरा."

मिस्त्रींनी समोर बघितले. बुटके स्टूल, आठ भोकांची फळी, तिच्यात ओळीने उभे असलेले सात व्हॉल्व्ह आणि एक रिकामे भोक. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. तो आवाज जाईपर्यंत ते थांबले.

"माझं अडतं," ते म्हणाले. "गाडी सुटताना म्हणालो होतो ना, काही अडत नाही म्हणून. तेव्हाही अडत होतं."

 फोन बंद पडला की काय म्हणून मिस्त्री खाली वाकले. फोन चालू होता. त्यातून अगदी बारीक आवाज येत होता. कोरड्या तळव्यांत कोरडे लाकूड फिरत होते, आणि दर फेरीला अंगठीला लागून टक् वाजत होते.

मिस्त्रींनी ते बराच वेळ ऐकले.

"काठी तुझ्याकडे आहे," ते म्हणाले.

"हो."

"अगं, मी सगळा कारखाना पालथा घातला."

"माहीत आहे."

"तीन महिन्यांसाठी जाणारं माणूस काठी कशाला नेतं?"

"तुम्ही मागाल म्हणून नेली," वहिनी म्हणाल्या. "वाटलं, पहिलं हेड आलं की आठ दिवसांत मागाल. तुम्ही प्लास्टिकची आणलीत."

लाकूड फिरायचे थांबले. मागे कुठेतरी नात उठली होती आणि आजीला हाका मारत होती. वहिनींनी आत कुणाला तरी, बघ गं जरा, असे सांगितले आणि फोन ठेवला नाही.

"आता मागतोय," मिस्त्री म्हणाले.

"कुरियरने पाठवू?"

मिस्त्रींनी प्लास्टिकची काठी बाजूला ठेवली. फडक्याला हात पुसले, एकेक बोट नीट पुसले, आणि मग फोन बाकावरून उचलून कानाशी धरला.

"कुरियरने नको," ते म्हणाले.